मॉडेल घोड्यांच्या शोमधला ‘कस्टम’: एका शब्दाची पार्श्वभूमी

मॉडेल घोडे म्हणजे खऱ्या घोड्यांच्या छोट्या प्रतिकृती; छंदिष्ट त्या जमवतात, रंगवतात आणि शोमध्ये, म्हणजे स्पर्धेत, मांडतात. अशा शोच्या टेबलावर एकाच साच्यातले दोन घोडे शेजारी शेजारी उभे करा. दोघांचीही मूळ आयाळ घासून काढली आहे, जागी नवी, वाऱ्यावर उडणारी आयाळ बसवली आहे, रंगही साच्याच्या नेहमीच्या रंगांपेक्षा वेगळा आहे. एकाचं काम कारखान्यातल्या कारागिरानं केलं, दुसऱ्याचं कुणीतरी घरच्या टेबलावर. पहिला ‘ओरिजिनल फिनिश’मध्ये, म्हणजे कारखान्याचं मूळ रूप असलेल्यांत (थोडक्यात ओएफमध्ये) उतरतो आणि दुसरा ‘कस्टम’मध्ये, म्हणजे नंतर बदललेल्यांत. डोळ्यांना फरक दिसत नाही, तरी दोघांचे वर्ग, त्यांचे जज आणि बाजारातलं मोल वेगळं. असं का झालं हे समजून घ्यायचं तर या छंदाचा मागचा काळ पाहावा लागतो, आणि त्यातही १९९० चं दशक.

त्याआधीचं थोडक्यात. मातीचे, लाकडाचे, धातूचे घोडे माणूस हजारो वर्षं करत आला आहे, पण आज आपण ज्याला हा छंद म्हणतो त्याचा त्या घोड्यांशी थेट धागा जुळत नाही. धागा सुरू होतो तो दुसऱ्या महायुद्धानंतर. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशरच्या पॉटरीत चिनी मातीचे देखणे घोडे घडत होते आणि १९४० च्या दशकात इंग्लंडमध्येच तारेच्या सांगाड्यावर लॅटेक्स चढवलेले घोडेही मुलांच्या हातात आले. कॅलिफोर्नियातल्या एका पॉटरीचे छोटे घोडे आजही संग्राहक जिवापाड जपतात. पण छंदाला खरा आकार दिला तो अमेरिकेतल्या ब्रेयर कंपनीच्या प्लास्टिकच्या घोड्यानं. १९५० मध्ये शिकागोच्या या प्लास्टिक मोल्डिंग कारखान्यानं भिंतीतल्या शेकोटीच्या वरच्या फळीवर ठेवायच्या घड्याळासाठी एक वेस्टर्न घोडा ओतला. घड्याळ बाजूला राहिलं आणि लोक घोडाच मागू लागले. सुटं खोगीर आणि साखळीचे लगाम असलेला तो घोडा पुढे स्वतंत्रपणे विकला गेला आणि त्यामागून इतर साचे आले.

या घोड्यांचं प्लास्टिक म्हणजे सेल्युलोज अ‍ॅसिटेट. ही निवड कारखान्याच्या सोयीची असेल, पण कस्टमच्या इतिहासात तिच्याइतकं महत्त्व दुसऱ्या कुठल्याच गोष्टीला नाही. अ‍ॅसिटेट टणक असतं, कानसीनं छान घासलं जातं आणि उष्णता दिली की वाकतं. पाय वळवायचा असेल तर तो भाग उकळत्या पाण्यात धरायचा किंवा गरम हवेच्या झोतानं मऊ करायचा, हव्या त्या कोनात आणायचा आणि लगेच थंड पाण्यात बुडवायचा. घोडा आतून पोकळ असल्यानं कोंडलेली हवा तापून पोट फुगू शकतं, म्हणून आधी न दिसणाऱ्या जागी एक बारीक भोक पाडतात. चुकत चुकत शिकलेलं हे ज्ञान आधी पत्रांतून आणि पुढे छंदाच्या अंकांतून एकाकडून दुसऱ्याकडे गेलं.

सुरुवातीला रंग बदलण्यामागचं कारण साधं होतं. एखाद्या साच्याला कारखान्यात दोन-तीनच रंग मिळत. ज्याला तोच घोडा अबलख हवा, पंचकल्याणी हवा, त्याला हातात ब्रश घेण्यावाचून इलाज नव्हता. १९६० च्या दशकात कारखान्यानं स्वतःच निळे आणि सोनेरी ‘डेकोरेटर’ घोडे काढून पाहिले. खऱ्या घोड्यांची आवड असणाऱ्या मुलांनी ते फारसे घेतले नाहीत, त्यामुळे थोडेच बनले आणि पुढे त्याच कारणानं अतिशय महाग झाले. यातून दोन गोष्टी दिसतात: छंदिष्टांना खऱ्या जातिवंत घोड्याचं रूप हवं होतं, आणि ‘कारखान्याचा मूळ रंग’ ही पुढे मोठी किंमत मिळवणारी गोष्ट ठरणार होती.

मग आले फोटो शो. घोड्याचा फोटो काढायचा, मागे त्याचं नाव, जात, लिंग, मालकाचं नाव आणि वर्गांचे क्रमांक लिहायचे आणि पाकीट जजला पोस्टानं पाठवायचं. काही आठवड्यांनी फोटो निकालासह परत येत. याच काळात घोड्यांना नावं आणि वंशावळी मिळाल्या. दोन प्लास्टिकच्या घोड्यांचं कागदावर शिंगरू जन्माला येई, मग त्या शिंगराला शोभेल असं मॉडेल शोधलं जाई किंवा रंगवलं जाई. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘बॉडी’ हा शब्द इथूनच अर्थपूर्ण झाला. ओरखडे पडलेला, कान तुटलेला, स्वस्तात मिळालेला घोडा म्हणजे बॉडी. तो टाकून द्यायचा नसतो, कारण त्यातून दुसरा घोडा जन्माला येणार असतो. तेव्हाच्या यादीत ‘रिमेड, रिपेंटेड, हेअर्ड’ असं लिहिलेलं असे, म्हणजे ठेवण बदललेला, पुन्हा रंगवलेला आणि मोहेर या लोकरीच्या धाग्यांची आयाळ-शेपटी लावलेला. ‘कस्टम’ या एका शब्दानं नंतर हे तिन्ही शब्द गिळले. तिथून गोंधळ सुरू झाला असं माझं मत आहे, कारण काय केलं हे सांगणारे शब्द गेले आणि राहिला तो फक्त ‘मूळ नाही’ एवढंच सांगणारा शब्द.

फोटोत बरंच झाकलं जातं. कोन नीट निवडला की साच्याचा सांधा दिसत नाही आणि उजव्या बाजूचा डाग डावीकडून कळत नाही. लाइव्ह शोमध्ये मात्र घोडा जजच्या डोळ्यांपुढे चारही बाजूंनी उभा असतो. लाइव्ह शो वाढले तशी कामाची पातळी झपाट्यानं चढली. पोटाखालची रेघ घासणं, खुरांच्या तळाशी रंग देणं, कानांच्या आतल्या बाजूला हात फिरवणं, या गोष्टी सक्तीच्या झाल्या. १९८४ मध्ये ब्रेयर नव्या मालकांकडे जाऊन शिकागोहून न्यू जर्सीला हलली. १९९० मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या हॉर्स पार्कमध्ये कंपनीचा वार्षिक मेळा सुरू झाला आणि एरवी पत्रांतून भेटणारी माणसं एका जागी जमू लागली.

त्याच दशकात शोंना जोडणारी एक संघटना उभी राहिली. स्थानिक शोमध्ये पहिला किंवा दुसरा आलेला घोडा राष्ट्रीय शोसाठी पात्र ठरू लागला. पात्रता आली की सगळीकडे सारखे विभाग हवेत, आणि विभाग करायचे तर व्याख्या हवी. आतापर्यंत प्रत्येक शो भरवणारा आपापल्या समजुतीनं चालत होता, आता रेघ ओढणं भाग पडलं. रेघ ओढली गेली ती कारखान्याच्या दारात. दारातून जसा बाहेर पडला तसा राहिला तर ओएफ, त्यानंतर कुणाचा हात लागला तर कस्टम.

ही व्याख्या सोपी आहे, तपासायला बरीचशी शक्य आहे, आणि त्या वेळी दुसरा पर्याय सुचणं अवघड होतं, हे मान्य केलं पाहिजे. पण तिच्यात एक मेख आहे. ती किती हात लागला हे विचारत नाही, कुणाचा हात लागला हे विचारते. घासलेल्या कानाच्या टोकाला कुणी ठिपक्याएवढा रंग लावला तर घोडा ओएफ राहत नाही. पिवळा पडलेला पांढरा घोडा महिनाभर उन्हात ठेवून पुन्हा पांढरा केला तर मात्र बहुतेक जण त्याला ओएफच मानतात, कारण रंग घातलेला नाही. तुटलेला पाय जोडला आणि सांध्यावर काहीच रंगवलं नाही तर? यावर दोन अनुभवी जजही वेगवेगळं उत्तर देऊ शकतात.

अ‍ॅसिटेटच्या स्वभावानं हा प्रश्न आणखी बिकट केला. हे प्लास्टिक ओलावा आणि उष्णतेत विघटित होतं. त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं, आणि तेच आम्ल पुढचं विघटन आणखी वेगानं घडवतं. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातले काही घोडे आकसतात, त्यांना छंदात ‘श्रिंकी’ म्हणतात. असा घोडा कुणाचाही हात न लागता कारखान्यातून निघाला तेव्हापेक्षा वेगळा झालेला असतो, तरी तो ओएफ. जपून, अभ्यासानं सावरलेला जुना घोडा मात्र कस्टमच्या टेबलावर जातो, आणि तिथे त्याचा निभाव लागत नाही, कारण तिथे नवनिर्मितीला गुण मिळतात. जुन्या घोड्यांची डागडुजी करणाऱ्यांवर हा अन्याय झाला, असं मला स्पष्टपणे वाटतं. काही शोंनी पुढे त्यांच्यासाठी वेगळा वर्ग काढला, पण तो सगळीकडे नाही.

खरा वाद पेटला तो १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर. ब्रेयरच्या संस्थापक घराण्यातूनच एक नवी कंपनी निघाली आणि तिनं कारखान्यातच बदललेले घोडे विकायला सुरुवात केली. आयाळ नवी, शेपटी नवी, कधी मान वळवलेली, आणि रंग एकाच घोड्याला किंवा मोजक्या घोड्यांना दिलेला. ‘फॅक्टरी कस्टम’ हा शब्द तेव्हा आला. अर्थाच्या दृष्टीनं तो स्वतःच स्वतःला छेद देतो, कारण नियमाप्रमाणे कारखान्यातलं काही कस्टम असूच शकत नाही. तरी तो रुळला, कारण लोकांना जे दिसत होतं त्याला तोच शब्द लागू पडत होता. साध्या दुकानी घोड्यांचे मालक म्हणाले, आमच्या हजारोंतल्या एका घोड्यानं एकमेव हाताच्या कामाशी कसं लढायचं? घरच्या टेबलावर काम करणारे म्हणाले, आम्हीही तेच करतो, मग आमच्या कामाला ‘मूळ’ का म्हणत नाही? उत्तर म्हणून ओएफचेच पोटविभाग वाढले: नेहमीचं उत्पादन, विशेष उत्पादन, एकमेव नग. दारातली रेघ कुणी हलवली नाही.

तोवर दुसऱ्या बाजूनं रेझिन आलं होतं. शिल्पकार मूळ घोडा घडवतो, त्यावर सिलिकॉन रबराचा साचा करतो आणि त्यात पॉलियुरेथेन रेझिन ओततो. ठरावीक संख्येच्या न रंगवलेल्या प्रती विकल्या जातात. घेणारा हवेच्या बुडबुड्यांची भोकं बुजवतो, सांधे घासतो, प्रायमर देतो आणि रंगवतो किंवा दुसऱ्याकडून रंगवून घेतो. अशा घोड्याला कारखान्याचा मूळ रंग कधी नव्हताच. मग तो कस्टम की आणखी काही? काही शोंनी दोघांना एकत्र ठेवलं, काहींनी ‘आर्टिस्ट रेझिन’ वेगळं काढलं. एकत्र ठेवल्यावर काय व्हायचं ते उघड होतं. आधुनिक शिल्पकारानं स्नायूंचा, सांध्यांचा बारकाईनं अभ्यास करून घडवलेल्या घोड्यापुढे १९६० च्या साच्यावरचं काम, कितीही कष्टाचं असलं तरी, शरीररचनेच्या गुणांत मागे पडे. अ‍ॅसिटेटचा घोडा कापून, तारेवर उभा करून, पुटीनं निम्मं अंग नव्यानं घडवणारे तेव्हाही होते आणि त्यांचं काम मला अजूनही या छंदातलं सर्वात धाडसी काम वाटतं.

चिनी मातीच्या घोड्यांत रेघ वेगळ्या जागी आहे. तिथे भट्टी ठरवते. भट्टीत भाजून पक्का झालेला ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, असेल तर सिरॅमिकचा विभाग, भाजलेल्या घोड्यावर नंतर पुन्हा न भाजता रंग दिला तर कस्टम. म्हणजे एकाच शोच्या एकाच सभागृहात ‘कस्टम’चे दोन अर्थ नांदतात.

बक्षीस कुणाचं, हा दुसरा गुंता. रिबन घोड्याच्या मालकाला मिळते. घोडा घडवणारा एक, रंगवणारा दुसरा आणि रिबन घेणारा तिसरा, हे आता सर्रास चालतं. यावर निघालेला तोडगा म्हणजे एकाच टेबलावर दोन निकाल: एकात घोडा त्या जातीचा किती चांगला नमुना आहे ते पाहायचं, दुसऱ्यात कस्टमसाठी कारागिरी आणि ओएफसाठी दुर्मिळता व अवस्था. दुसऱ्या निकालानं निदान हाताच्या कामाकडे पाहायला जजना भाग पाडलं.

हे काम म्हणजे काय ते एकदा जवळून पाहायला हवं. सॉफ्ट पेस्टलची कांडी पात्यानं खरवडून पूड करायची. प्रायमर दिलेल्या पांढऱ्या अंगावर ती कोरड्या ब्रशनं चोळायची, मॅट फवाऱ्यानं पक्की करायची, मग पुढचा थर. सब्जा घोड्याच्या अंगावरच्या चकत्या अशा दहा-वीस थरांतून हळूहळू वर येतात आणि त्यांना कडा नसते. रोन घोडा, म्हणजे अंगावर पांढरे केस मिसळलेला, असेल तर एकेक केस टोकदार ब्रशनं, केस ज्या दिशेनं वळतो त्या दिशेनं काढायचा. १९९० नंतर घोड्यांच्या रंगांच्या जनुकशास्त्राचं वाचन वाढलं आणि जज विचारू लागले, की या जातीत हा ठसा येतो का, पांढरा भाग इथपर्यंत चढतो का. मग घोड्याशेजारी खऱ्या घोड्याचा संदर्भफोटो ठेवण्याची पद्धत रुळली.

परफॉर्मन्सबद्दल, म्हणजे खोगीर-लगाम चढवून घोडा कामात असल्याचं दृश्य मांडायच्या वर्गांबद्दल, इथे थोडंच. १:९ प्रमाणातलं खोगीर, रिकीब, उघड-मीट होणारी बक्कल, मेणाच्या कणानं तोंडात बसवलेली लगामाची कडी, हे सगळं स्वतंत्र कलाशाखा म्हणावं इतकं वाढलं आहे. तिथे ओएफ-कस्टमचा वाद फारसा नाही, कारण पाहिलं जातं ते दृश्य.

२०२० मध्ये केंटकीचा मेळा ऑनलाइन भरला आणि मागे पडलेले फोटो शो पडद्यावर जोरात परतले. पाकीट गेलं, पण कोन निवडून डाग झाकायची जुनी सोय परत आली. त्याच सुमाराला थ्रीडी प्रिंट घरोघरी पोहोचला. शिल्पकार संगणकावर घोडा घडवतो आणि फाइल विकतो. घेणारा हव्या त्या मापात छापतो, थरांच्या रेषा घासतो आणि रंगवतो. प्रतींची संख्या ठरलेली नाही आणि साचा मोडून आवृत्ती संपवण्याचा प्रश्नच नाही. बहुतेक शो अशा घोड्याला सध्या रेझिनसोबत बसवतात. पण विकत घेतलेल्या फाइलमध्येच कुणी मान वळवली आणि आयाळ बदलली, तर तो बदल कस्टम धरायचा की नाही, हे नोंदणीच्या टेबलावर बसलेला माणूस त्या दिवशी ठरवतो.