अनोळखी माणसाची पत मोजताना

एका विक्रेत्याने जुन्या पोस्टकार्डांचे सारखेच गठ्ठे जोडीजोडीने ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर विकायला ठेवले. जोडीतला एक गठ्ठा त्याच्या जुन्या, नावाजलेल्या खात्यावरून, तर दुसरा नुकत्याच उघडलेल्या खात्यावरून. माल तोच, माणूसही तोच. फरक होता तो नावापुढे दिसणाऱ्या अभिप्रायांच्या आकड्याचा. संशोधक पॉल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. जुन्या खात्याकडून घेताना गिऱ्हाइकं विक्रीकिमतीच्या ८.१ टक्के जास्त मोजायला तयार होती. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्यात बाकी सगळं जागच्या जागी ठेवून फक्त आकडा बदलला होता. म्हणजे ऑनलाइन नावलौकिकाला किंमत आहे का, या प्रश्नाचं सरळ उत्तर आहे: आहे, आणि ती रोख पैशात दिसते.

त्यात गैर काही नाही. ज्याला आपण पाहिलेलं नाही आणि कधी पाहणारही नाही, त्याच्या शब्दावर विसंबायचं तर काहीतरी आधार हवाच. आधी त्याच्याशी ज्यांचा संबंध आला त्यांना काय अनुभव आला, हे एका नजरेत कळणं ही मोठीच सोय आहे. रेप्युटेशन किंवा कर्मा म्हणजे साठत जाणारे गुण, बॅज म्हणजे ठरावीक कामाबद्दल नावापुढे लागणारी पदकं, अभिप्रायांची टक्केवारी, नावं वेगवेगळी असली तरी या सगळ्यांचं मूळ काम हेच. अशा आकड्यांशिवाय लाखो अनोळखी लोकांनी एकमेकांच्या अडचणी फुकट सोडवल्या असत्या, असं मला वाटत नाही.

पण यात नवख्याची बाजू लंगडी पडते, आणि ती केवळ कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. एरिक फ्रीडमन आणि रेझनिक यांनी २००१ साली गेम थिअरीच्या, म्हणजे एकमेकांच्या चाली पाहून माणसं कसे निर्णय घेतात याच्या गणिताच्या आधारे हे नीट मांडलं होतं. जिथे नवं टोपणनाव फुकट मिळतं, तिथे बदनाम झालेला माणूस जुनं नाव टाकून कोरं नाव घेऊन परत येऊ शकतो. कोरं नाव प्रामाणिक नवख्याचं आहे की परतून आलेल्या लबाडाचं, हे बाहेरून ओळखता येत नाही. मग प्रत्येक कोऱ्या नावाकडे संशयाने पाहणं सगळ्यांना भागच पडतं. लबाडाच्या पळवाटेची किंमत अशी प्रामाणिक नवखा चुकती करतो.

स्टॅक ओव्हरफ्लो या २००८ साली सुरू झालेल्या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर हे अगदी जवळून पाहता येतं. तिथे नवा माणूस १ गुणावर सुरुवात करतो. त्याच्या उत्तराला कोणी अपव्होट, म्हणजे पसंतीचं मत दिलं की १० गुण, विचारणाऱ्याने ते उत्तर स्वीकारलं की १५. डाउनव्होट, म्हणजे नापसंतीचं मत मिळालं की २ गुण जातात, आणि दुसऱ्याच्या उत्तराला डाउनव्होट देणाऱ्याचाही १ गुण कापला जातो, म्हणजे कोणी उगाच खाली ओढू नये. गुण वाढतील तसे हक्क वाढतात: १५ गुणांवर अपव्होट देता येतो, १२५ वर डाउनव्होट, ३,००० वर प्रश्न बंद करण्यासाठी मत, १०,००० वर मॉडरेटरांची, म्हणजे देखरेख करणाऱ्यांची काही साधनं हाती येतात.

या शिडीची एक पायरी मला कायम खटकत आली आहे. दुसऱ्याच्या उत्तराखाली कॉमेंट करायला वर्षानुवर्षे ५० गुण लागत आले, पण नवं उत्तर लिहायला १ गुणही पुरत असे. समजा, एखाद्या लोकप्रिय उत्तरातला कोड आता जुना झालाय आणि त्यात धोका आहे, हे एका जाणकार नवख्याच्या लक्षात आलं. ‘ही ओळ बदला’ एवढं एका वाक्यात सांगण्याचा हक्क त्याला नव्हता. तो तेच वाक्य उत्तर म्हणून टाकायचा, आणि हे उत्तर नाही म्हणून ते काढून टाकलं जायचं. चूक बरोबर ओळखूनही पदरी काय, तर ताकीद. स्पॅम थांबवायला अडसर हवा, हे मान्य. पण हा अडसर ज्ञानाचा नव्हे, हजेरीचा होता.

मुळात गुण नेमकं काय मोजतात? उत्तराची गुणवत्ता काही अंशी मोजतातच. स्टॅक ओव्हरफ्लोवरचं सगळ्यांत गाजलेलं एक उत्तर २०१२ सालचं आहे. क्रमाने लावलेल्या आकड्यांवर तोच कोड जास्त वेगाने का चालतो, असा प्रश्न होता. प्रोसेसर कोडमधल्या पुढच्या फाट्यावर कुठे वळायचं याचा आधीच अंदाज बांधतो आणि आकडे क्रमाने असले की तो अंदाज चुकत नाही, हे त्या उत्तराने इतकं सुंदर उलगडलं की त्याला तीस हजारांहून जास्त मतं मिळाली. ती त्याने कमावलेली आहेत.

मात्र मतांची संख्या ही गुणवत्तेइतकीच वर्दळीवरही ठरते. रोज हजारो लोकांना पडणाऱ्या सोप्या प्रश्नाचं दोन ओळींचं उत्तर वर्षानुवर्षे गुण आणत राहतं. वर्षातून मोजक्याच लोकांना भेडसावणाऱ्या अवघड बिघाडावर कोणी दिवसभर खपून उत्तर लिहिलं, तर त्याला दोन-तीन मतं मिळतात. ती दोन-तीन माणसं कदाचित जन्मभर ऋणी राहतील, पण त्या ऋणाला आकड्यात जागा नाही. मतांमधून दिवसाला २०० पेक्षा जास्त गुण मिळू नयेत अशी मर्यादा तिथे आहे. तिने पूर थोपतो, पण दुष्काळ हटत नाही. शिवाय वेळेचा भाग असतोच. जो आधी लिहितो तो आधी वाचला जातो, आणि आधी वाचला गेलेला वर जाऊन बसतो.

मतं देणारे तरी एकमेकांपासून स्वतंत्र असतात का? लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याचं उत्तर दिलं. बातम्यांवर चर्चा होणाऱ्या एका संकेतस्थळावर पाच महिन्यांत आलेल्या १,०१,२८१ कॉमेंट त्यांनी घेतल्या. काहींना चिठ्ठी टाकल्यासारखा, काहीही न वाचता, पहिला अपव्होट दिला, काहींना पहिला डाउनव्होट, उरलेल्या तशाच ठेवल्या. फुकटचा अपव्होट मिळालेल्या कॉमेंटला पुढच्या पहिल्या वाचकाकडून अपव्होट मिळण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि अखेरची गुणसंख्या सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरली. फुकटचा डाउनव्होट मात्र वाचकांनी बऱ्याच अंशी भरून काढला. अन्याय दिसला की लोक दुरुस्त करतात, पण न कमावलेली मेहेरबानी कोणी परत घेत नाही. राजकारण, समाज-संस्कृती आणि व्यवसाय या विषयांत हा कळपपणा ठळक होता.

या निष्कर्षाकडे मी गांभीर्याने पाहतो, कारण पहिलं मत कोणाचं पडतं हे फार थोड्या गोष्टींवर ठरतं: लिहिण्याची वेळ, ओळखीचं नाव, आधीचे गुण. काही ठिकाणी यावर उपाय झाले. रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळाने २०१३ मध्ये कॉमेंटचे गुण सुरुवातीचा काही काळ झाकून ठेवण्याची सोय मॉडरेटरांना दिली. हॅकर न्यूज या तंत्रज्ञानविषयक चर्चांच्या संकेतस्थळावर दुसऱ्याच्या कॉमेंटचे गुण दिसतच नाहीत. पण गुण झाकले तरी क्रम झाकला जात नाही, आणि वर काय आहे एवढंही वाचकाला पुरेसं सांगून जातं.

आकडा वाढवण्यासाठीच लोक काम करू लागतात, ही तक्रार जुनीच. २०१३ सालच्या एका अभ्यासात दिसलं, की स्टॅक ओव्हरफ्लोवर बॅज जवळ आला की त्याला लागणारं काम वाढतं आणि बॅज मिळाला की ओसरतं. मला यात फार मोठा दोष वाटत नाही. ओढ लागणं माणसाचं आहे. ती कोणत्या कामाकडे लावायची, हे ठरवणाऱ्यांनी मात्र विचार करावा.

कारण कोणत्या कामाला किती गुण, हा निर्णय तटस्थ नसतो. स्टॅक ओव्हरफ्लोवर सरासरी स्त्रीचे गुण सरासरी पुरुषाच्या जवळपास निम्मे असल्याचं २०१९ सालच्या एका अभ्यासात आढळलं. बरीचशी तफावत दोन गोष्टींमधून येत होती. पुरुष उत्तरं जास्त देतात, आणि त्यांच्या उत्तरांना सरासरी गुणही जास्त मिळतात. स्त्रिया प्रश्न जास्त विचारतात, आणि प्रश्नाच्या अपव्होटला तेव्हा उत्तराच्या निम्मे, म्हणजे ५ गुण होते. गुण देण्याची पद्धत बदलली तर ही दरी अर्धी होऊ शकते, हेही संशोधकांनी गणित मांडून दाखवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संकेतस्थळाने प्रश्नालाही १० गुण द्यायला सुरुवात केली, आणि तेही जुन्या प्रश्नांसकट. एका रात्रीत असंख्य लोकांची ‘प्रतिष्ठा’ वाढली. त्यांनी त्या रात्री काहीच लिहिलं नव्हतं. चांगला प्रश्न हेही योगदान आहे, एवढंच फक्त मान्य झालं होतं.

माझा खरा आक्षेप एकाच आकड्यावर तीन ओझी टाकण्याला आहे. तोच आकडा आभार मानतो, तोच जाणकारीचा दाखला देतो, आणि तोच इतरांचं लिखाण बंद करण्याचा अधिकारही देतो. आभार मानताना वर्दळ आणि नशीब मोजलं गेलं तर कोणाचं काही बिघडत नाही. पण त्याच नशिबातून दुसऱ्यावर अधिकार मिळू लागला, की न्यायाचा प्रश्न उभा राहतो. एका भाषेतल्या सोप्या प्रश्नांवर हजारो गुण मिळवलेला माणूस वेगळ्याच विषयातला प्रश्न बंद करण्यासाठी मत देऊ शकतो, ते या गल्लतीमुळेच. अधिकार विषयवार असावा, त्या विषयातलं काम तपासून मिळावा, आणि तो वापरलेला दिसावा.

आभारांना अधिकाराची जोड लागतच नाही, याचा पुरावाही आहे. याना गालुस या संशोधिकेने जर्मन विकिपीडियावर प्रयोग केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. नव्याने लिहू लागलेल्यांपैकी काहींना चिठ्ठी टाकून निवडलं आणि त्यांच्या कामाची दखल घेणारा एक पुरस्कार दिला. त्यात पैसा नव्हता. शिवाय बहुतेक जण टोपणनावाने लिहीत असल्यामुळे बाहेरच्या जगात मिरवण्याजोगंही काही नव्हतं. तरी पुरस्कार मिळालेले नवखे न मिळालेल्यांपेक्षा जास्त संख्येने लिहीत राहिले, आणि हा फरक पुढच्या चारही तिमाहींत टिकला.