माहेबूर : मागे पडलेल्या बंदराची पार्श्वभूमी

मॉरिशसचा आंतरराष्ट्रीय विमानतळ बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात आहे आणि माहेबूर हे किनाऱ्यावरचे गाव तेथून अवघ्या काही किलोमीटरवर आहे. तरीही उतरलेले बहुतेक पर्यटक बेट ओलांडून उत्तरेला ग्राँ बे किंवा पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाक येथील हॉटेलांकडे निघून जातात. जे थोडे माहेबूरला थांबतात, ते तेथील निवांतपणाची तारीफ करतात. हा निवांतपणा त्या गावाच्या नशिबी कसा आला, हे समजून घ्यायचे तर आधी समोरचा उपसागर पाहायला हवा.

१५९८ मध्ये डच आरमाराची काही गलबते याच ग्राँ पोर उपसागरात शिरली आणि राजपुत्र मॉरिस याच्यावरून बेटाला आजचे नाव मिळाले. १६३८ मध्ये डचांनी उपसागराच्या उत्तरेच्या काठावर पहिली वसाहत वसवली. ऊस आणि जावा बेटावरची हरणे त्यांनीच येथे आणली. डोडो पक्षी नामशेष झाला तोही त्यांच्याच काळात. एकदा सोडून परत वसवलेली ही वसाहत त्यांनी १७१० मध्ये कायमची सोडली. पुढे फ्रेंच आले, तेव्हा त्यांना या बंदराची खोड कळली. आग्नेयेकडून वर्षातील बराच काळ वाहणारे व्यापारी वारे थेट उपसागराच्या तोंडात शिरतात, त्यामुळे शिडाच्या जहाजाला आत येणे सोपे, पण बाहेर पडणे जिकिरीचे होते. शिवाय प्रवाळभिंतीतील वाटाही अरुंद. १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या माहे द ला बूर्दोने याने आपली सारी शक्ती वायव्येच्या आडोशाला असलेल्या पोर्ट लुईवर, म्हणजे आजच्या राजधानीवर, लावली. गोदी, इस्पितळ, गोदामे, कचेऱ्या असे सर्व तिकडे उभे राहिले. (हाच ला बूर्दोने १७४६ मध्ये मद्रास जिंकणारा.) ज्या माणसाच्या धोरणामुळे आग्नेय किनारा मागे पडला, त्याचेच नाव पुढे तेथील गावाला दिले गेले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

गाव वसवले ते फ्रेंच जनरल दकाँ याने. १८०३ मध्ये तो पुद्दुचेरीचा ताबा घेण्यासाठी निघाला होता. तेथे इंग्रज ठाण मांडून बसलेले पाहून तो मॉरिशसला आला. बेटाची मागची बाजू उघडी राहू नये म्हणून १८०५ च्या सुमारास त्याने जुनी वस्ती सोडून उपसागराच्या दक्षिण काठावर नवे गाव आखले. सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते ही त्या लष्करी आखणीची खूण आजही टिकून आहे. त्या रस्त्यांवरच्या पाट्यांवर ला बूर्दोनेचे नाव आहे, डचांचे आहे आणि स्वामी शिवानंदांचेही आहे.

या गावासमोरच ऑगस्ट १८१० मध्ये ग्राँ पोरची लढाई झाली. फ्रेंच युद्धनौका ईस्ट इंडिया कंपनीची मालवाहू जहाजे पकडत असत, म्हणून इंग्रजांना हे बेट हवे होते. फ्रेंचांनी आपली जहाजे खडकांच्या आड उथळ पाण्यात नांगरली होती. त्यांच्यावर चालून गेलेल्या चार इंग्रज युद्धनौकांपैकी दोन प्रवाळात रुतल्या आणि अखेर इंग्रजांनाच त्या जाळाव्या लागल्या. उरलेल्या दोन फ्रेंचांच्या हाती पडल्या. इंग्रज कप्तान विलोबी आणि फ्रेंच सेनानी द्युपेरे या दोन्ही जखमींवर किनाऱ्यावरच्या एकाच घरात उपचार झाले. ते घर आज राष्ट्रीय इतिहास संग्रहालय आहे आणि १७४४ मध्ये बुडालेल्या ‘सँ-जेराँ’ जहाजाची घंटा तेथे पाहायला मिळते. पॅरिसच्या विजयकमानीवर या लढाईचे नाव कोरलेले आहे. विजय मात्र औटघटकेचा ठरला. मुंबई, मद्रास, कोलकाता आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचे केप येथून जमवलेली इंग्रजांची फौज नोव्हेंबरअखेर बेटाच्या उत्तर टोकाला उतरली, म्हणजे माहेबूरच्या वाटेलाही गेली नाही, आणि ३ डिसेंबरला फ्रेंचांनी शरणागती पत्करली. लोकांची भाषा, धर्म आणि कायदे कायम ठेवण्याची अट इंग्रजांनी मान्य केली होती. म्हणूनच दीडशे वर्षांच्या इंग्रजी राजवटीनंतरही गावांची नावे फ्रेंच आणि बाजारातील बोली क्रेओल, म्हणजे फ्रेंचपासून घडलेली मिश्र बोली, राहिली.

त्यानंतर भरभराटीची एक संधी आली होती. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर येऊ लागले. त्यांत बिहारी आणि तमिळांबरोबर रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते, मात्र त्यांची वस्ती मुख्यतः पश्चिमेला आणि मधल्या पठारावरच्या वाक्वा गावाच्या बाजूला झाली. १८६५ मध्ये पोर्ट लुईपासून माहेबूरपर्यंत आगगाडीही आली. पण त्याच सुमारास हिवतापाची साथ पसरली आणि १८६७ या एका वर्षात बेटावर तीस हजारांहून अधिक माणसे दगावली. ज्यांना परवडत होते ते किनारा सोडून क्युरपीपसारख्या थंड, उंच पठारावर राहायला गेले. माहेबूर या धक्क्यातून पुरते सावरलेच नाही, आणि १९५० च्या दशकात प्रवासी गाड्या बंद झाल्यावर उरलीसुरली वर्दळही कमी झाली.

मागे राहिल्यामुळे काही गोष्टी टिकल्या, हेही खरे. दर सोमवारी भरणारा बाजार आहे. नदीपलीकडे १८७० पासून चालत आलेला बिस्किटांचा छोटा कारखाना आहे. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा करतात, तोच कंद येथे सोलून, किसून, पिळून, वाळवून त्याचे पीठ केले जाते आणि उसाच्या वाळल्या पाचोळ्यावर तापवलेल्या तव्यांवर बिस्किटे भाजली जातात. समोरचे २६ हेक्टरांचे इल ओ झेग्रेत हे बेट राखीव असून, एकेकाळी जवळजवळ नष्ट झालेले गुलाबी कबूतर तेथे जपले आहे.

२५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ हे मालवाहू जहाज जवळच्या प्रवाळभिंतीवर चढले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे हजार टन तेल खाडीत पसरू लागले. सरकारी मदतीची वाट न पाहता लोक माहेबूरच्या धक्क्यावर जमले, कापडी पिशव्यांत उसाचा पाचोळा कोंबून त्या शिवल्या, तरंगण्यासाठी प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या बांधल्या आणि तेल अडवण्यासाठी हे लांबलचक बांध पाण्यात सोडले. त्या आठवड्यांत जगभरच्या बातम्यांमध्ये माहेबूरचे नाव झळकले. मासेमारी मात्र कित्येक महिने बंद राहिली, आणि पाहुण्यांना प्रवाळभिंतीच्या आतल्या शांत पाण्यात होडीने फिरवून पोट भरणाऱ्यांना त्या वर्षी महामारीमुळे पर्यटकही नव्हते.