सहाची गोळी सहालाच

माझे सासरे गेल्या वर्षी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी चार दिवस रुग्णालयात होते. घरी त्यांची पार्किन्सन्सची पहिली गोळी पहाटे सहाला असते. वॉर्डात औषधांची फेरी नऊला. पहिल्या सकाळी मी गप्प बसले. म्हटलं, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असेल. साडेसातला त्यांना कुशीवर वळता येईना. आठला चहा तोंडातच राहिला. नऊला सिस्टर गोळी घेऊन आल्या, तेव्हा ती गिळण्याचीही ताकद उरली नव्हती. सिस्टर निष्काळजी नव्हत्या. एका पाळीला तीसेक रुग्ण त्या एकट्या बघत होत्या, आणि ही गोळी इतर गोळ्यांसारखी थांबत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात. पण कंप हा त्याचा फक्त दिसणारा भाग. खरा त्रास शरीर ताठरण्याचा आणि हालचाल मंदावण्याचा. मेंदूच्या तळाशी डोपामिन हे हालचालीसाठी लागणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या हळूहळू मरतात. डोपामिन नुसतं गोळीतून देऊन उपयोग नाही, ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. सासऱ्यांच्या गोळीतलं लेव्होडोपा हे औषध मात्र शिरतं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं.

आजाराच्या सुरुवातीला उरलेल्या पेशी हे डोपामिन साठवून ठेवतात आणि गरजेप्रमाणे सोडतात, त्यामुळे गोळी तासभर पुढेमागे झाली तरी भागतं. वर्षं जातात तशी ही साठवण संपते. लेव्होडोपा तर साधारण दीड तासातच रक्तात निम्म्यावर येतं. मग माणूस गोळीगणिक जगू लागतो: असर चढला की चालतो, बोलतो, शर्टाची बटणं लावतो, उतरला की खुर्चीत खिळतो. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने रुग्णालयांसाठी निकषच घालून दिला आहे, की लेव्होडोपा रुग्णाच्या ठरल्या वेळेच्या ३० मिनिटांच्या आत मिळालं पाहिजे. असा कागद आपल्या प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवर असावा असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी एका कागदावर मोठ्या अक्षरात वेळा लिहून तो पलंगाच्या डोक्याशी चिकटवला आणि सिस्टरांना हात जोडून सांगितलं. त्यांनी फोनवर गजर लावला. पुढचे दिवस सासरे स्वतः उठून बसले.

औषध वेळेवर देऊनही वाया जाऊ शकतं, तेही आपल्या प्रेमाने. आमच्याकडे गोळी दुधाबरोबर द्यायची पद्धत होती, पोटाला बरं म्हणून. लेव्होडोपा लहान आतड्यातून ज्या वाटेने रक्तात जातं, त्याच वाटेने प्रथिनांमधली अमिनो आम्लं जातात. दूध, दही, पनीर, अंडं, घट्ट वरण यांची गर्दी झाली की गोळी मागे पडते. म्हणून ती पाण्याबरोबर, जेवणाआधी निदान अर्धा तास. प्रथिनं मात्र तोडायची नाहीत. आधीच वजन उतरत असतं.

आणखी दोन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला पाठ असाव्यात. ही गोळी एकाएकी बंद करायची नाही. तसं केल्याने तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवणार असतील तर गोळीचं काय करायचं, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारावं. दुसरं, मळमळीवर सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड मेंदूतलं डोपामिनचं कामच अडवतं. ओळखीच्या डॉक्टरांनी दिलं तरी आजार आधी सांगावा. खाजकुयलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असतं हे खरं, पण म्हणूनच तिचं चूर्ण परस्पर सुरू करू नये. मात्रा कुठल्या कुठे जाते.

गिळण्याकडे घरात सगळ्यात उशिरा लक्ष जातं. तोंडातून लाळ गळते ती जास्त तयार होते म्हणून नव्हे, तर आपण नकळत दिवसभर जे आवंढे गिळतो ते कमी होतात म्हणून. घास श्वासनलिकेत गेला तरी कधी कधी ठसका लागत नाही. जेवल्यावर आवाज ओलसर, घोगरा येतोय का ते ऐकावं. वारंवार ताप येत असेल तर छातीची तपासणी करावी. या रुग्णांच्या मृत्यूचं न्यूमोनिया हे एक मोठं कारण आहे. जेवण गोळीचा असर असताना, ताठ बसवून, टीव्ही बंद करून. पातळ आमटीत तरंगणारी शितं अवघड जातात, मऊ कालवलेला भात सोपा. कोरडे पोहे आम्ही सोडूनच दिले.

आणि चेहरा. स्नायू ताठरल्याने तो मख्ख दिसतो. नातीने चित्र दाखवलं तेव्हा आजोबा हसले नाहीत, ती हिरमुसली. आजोबांना ते फार आवडलं होतं. आम्ही आता चेहरा वाचत नाही, विचारतो, आणि उत्तर यायला वेळ देतो.

दारात, वळणावर त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अशा वेळी हात धरून ओढलं तर वरचं शरीर पुढे येतं, पाय मागेच राहतात आणि माणूस पडतो. सवयीचं चालणं मेंदूचा जो भाग आपोआप चालवतो, तोच इथे अडलेला असतो. समोर रेघ दिसली किंवा ताल ऐकू आला, तर मेंदू दुसऱ्या वाटेने पाऊल उचलतो. सपाट फरशीवर अडणारा माणूस जिना सरसर चढतो तो यामुळेच. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले, त्यातही ताल हाच मोठा आधार आहे.

आम्ही न्हाणीघराच्या वाटेवर पावलापावलाच्या अंतराने पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या. दारात पाय अडले की मी शेजारी उभी राहते, घाई करत नाही, हळू आवाजात ‘विठ्ठल, विठ्ठल’ म्हणते. दुसऱ्या-तिसऱ्या विठ्ठलाला त्यांचा उजवा पाय उचलतो आणि पट्टी ओलांडतो.