जागतिक युवक महोत्सव: प्रागपासून सोचीपर्यंत

फेब्रुवारी १९४६मध्ये कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल तळावर हिंदी नाविकांचा ब्रिटिशांविरुद्ध उठाव सुरू झाला आणि चार दिवसांत तो गिरणगावात पोचला. २२ तारखेच्या हरताळात परळला कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गोळीबारात मारल्या गेल्या; शहरभर दोनशेहून जास्त माणसं गेली. त्याच आठवड्यात, २१ तारखेला, कैरोमध्ये ब्रिटिश फौजेविरुद्ध निघालेल्या विद्यार्थ्यांचंही रक्त सांडलं. जगभरच्या डाव्या युवक संघटना २१ फेब्रुवारीला वसाहतवादविरोधी दिन पाळतात, तो मुंबई आणि कैरोच्या या आठवणीतून. कूपरेजजवळ नाविकांचं स्मारक आहे, पण हा दिवस मुंबईकरांच्या गावीही नाही, याची मला खंत वाटते.

हा दिवस रुजवणारी मंडळीच, जगभरच्या तरुणांना एकत्र आणणाऱ्या जागतिक युवक आणि विद्यार्थी महोत्सवांमागे होती. नोव्हेंबर १९४५मध्ये लंडनला साठाहून अधिक देशांतल्या तरुणांची परिषद भरली आणि जागतिक लोकशाही युवक महासंघ स्थापन झाला. मुंबईत जन्मलेल्या आणि शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेल्या विद्या कानुगा (पुढच्या विद्या मुन्शी) तिथे हिंदुस्थानी विद्यार्थ्यांच्या वतीने होत्या. पुढच्या वर्षी प्रागला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी संघ उभा राहिला, आणि १९४७च्या उन्हाळ्यात याच शहरात पहिला महोत्सव झाला: ७१ देश, सुमारे १७,००० तरुण. प्रागच का? १७ नोव्हेंबर १९३९ रोजी नाझींनी तिथल्या विद्यार्थी चळवळीतल्या नऊ जणांना गोळ्या घालून विद्यापीठं बंद केली होती. २५ जुलैला सुरू झालेला हा महोत्सव ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालला. तो चालू असतानाच भारत स्वतंत्र झाला.

त्यानंतर बुडापेस्ट, पूर्व बर्लिन, बुखारेस्ट, वॉर्सा. यजमान बहुतेक वेळा समाजवादी सरकारं, आणि पैसाही त्यांचाच. म्हणून हे सगळं निव्वळ प्रचारतंत्र होतं असं म्हणून मोकळं होणं मात्र मला पटत नाही. वसाहतींमधल्या तरुणांना एकमेकांना गाठायला तेव्हा दुसरी जागा फारशी नव्हतीच.

मॉस्कोचा १९५७चा महोत्सव तर यजमानांच्याही हाताबाहेर गेला. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने स्टालिनच्या गुन्ह्यांवर भाषण केल्याला दीड वर्ष होत होतं, हंगेरीचा उठाव चिरडल्याला वर्षही झालं नव्हतं. १३१ देशांतले ३४,००० पाहुणे रंगीत उघड्या ट्रकांतून स्टेडियमकडे निघाले आणि रस्त्यावरच्या गर्दीत अडकले. लोक हात मिळवत होते, बॅज बदलत होते, छपरांवर चढून पाहत होते. परदेशी माणूस आयुष्यात पहिल्यांदा पाहणारे त्यात हजारो होते. जॅझ आणि जीन्स तिथल्या तरुणांनी जवळून पाहिली ती याच पंधरवड्यात.

१९५९ला महोत्सव प्रथमच समाजवादी गटाबाहेर, व्हिएन्नाला गेला. तिथे त्याला उत्तर द्यायला अमेरिकेतून तरुणांचा एक गट आला. त्याला सीआयएचा पैसा होता हे १९६७ साली उघड झालं. १९६५चा अल्जीयर्सचा महोत्सव अल्जीरियाचे अध्यक्ष बेन बेल्लांची सत्ता उलथल्यामुळे होऊच शकला नाही. १९६८ला सोफियाचा महोत्सव संपून दोन-अडीच आठवडे झाले नाहीत तोच सोव्हिएत रणगाडे तिथल्या सुधारणा चिरडायला प्रागमध्ये शिरले. ज्या शहरात हे सगळं सुरू झालं, त्याच शहरात. पुष्कळ तरुणांचा या व्यासपीठावरचा विश्वास तेव्हा उडाला, आणि त्यांना दोष देता येत नाही.

प्याँगयांगचा १९८९चा महोत्सव म्हणजे सोल ऑलिंपिकला उत्तर कोरियाचं उत्तर. पण लक्षात राहते ती लिम सू-ग्युंग ही दक्षिण कोरियाची विद्यार्थिनी. सरकारची बंदी मोडून ती परदेशांतून वळसा घेत तिथे पोचली. परतताना, १५ ऑगस्टला, तिने पानमुनजोमला दोन्ही कोरियांमधली सीमा पायी ओलांडली आणि तिथेच तिला अटक झाली. तीन वर्षांहून अधिक काळ ती तुरुंगात होती. २०१२ला ती खासदार झाली.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर पैसा आटला. पुढचा महोत्सव थेट १९९७ला, हवानात. क्यूबा स्वतःच टंचाईत होता, तरी तिथल्या कुटुंबांनी पाहुण्यांना आपल्या घरात ठेवून घेतलं. मग अल्जीयर्स, काराकास, प्रिटोरिया, क्वितो आणि २०१७ला सोची. २०२४मध्ये सोचीजवळ पुन्हा ‘जागतिक युवक महोत्सव’ झाला, पण तो जागतिक लोकशाही युवक महासंघाचा नव्हता. रशियन सरकारने तो स्वतःच्या हुकमाने भरवला होता.