हेडलाइट मंद? बल्बआधी अर्थ तपासा

वीसेक वर्षं जुन्या मारुती ८००चे किंवा हौसेने जपलेल्या प्रीमियर पद्मिनीचे हेडलाइट पिवळट दिसू लागले की मालक बल्ब बदलतो. फरक पडला नाही तर जास्त वॅटचा बल्ब लावतो. पण बल्बला एक सवय असते, जळेपर्यंत तो जवळपास पहिल्यासारखाच उजेड देतो. दिवा मंद असेल तर दोष बहुधा बल्बपर्यंत येणाऱ्या आणि बल्बपासून बॅटरीकडे परत जाणाऱ्या वाटेत असतो. गाडीच्या पत्र्यातून जाणाऱ्या या परतीच्या वाटेला, म्हणजे अर्थला, बहुतेक जण हातच लावत नाहीत.

हेडलाइटच्या तीन पिनांच्या एच-४ बल्बमध्ये अपरची (लांबच्या झोताची) फिलामेंट ६० वॅटची आणि डिपरची (खालच्या झोताची) ५५ वॅटची असते. १२ व्होल्टला ५५ वॅट म्हणजे सुमारे ४.६ अँपिअर. दोन्ही बाजूंचा डिपर लागला की ९ अँपिअरहून जास्त प्रवाह वाहतो. एवढ्या प्रवाहात ०.१ ओहमचा अडथळासुद्धा जवळजवळ एक व्होल्ट खाऊन टाकतो. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला मीटरमागे सुमारे ०.०२३ ओहम रोध असतो. म्हणजे दोन्ही दिव्यांचा प्रवाह अशा तीन मीटर वायरीतून नेला तर वायर धडधाकट असूनही ०.६ व्होल्ट गेले. त्यात स्टिअरिंगखालच्या बटणाचे झिजलेले पॉइंट, फ्यूजच्या काळवंडलेल्या पट्ट्या आणि गंजलेला अर्थचा बोल्ट धरा. कोकणातल्या खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवा थर चढतो आणि पत्र्याच्या सांध्यात गंज शिरतो. हे दोन्ही वीज फार वाईट वाहून नेतात.

थोडे व्होल्ट कमी पडले तर काय बिघडलं, असं वाटेल. पण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, साधारण ३.४ व्या घाताने उतरतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड तीस टक्के जातो. शिवाय फिलामेंट कमी तापल्याने प्रकाश पिवळा पडतो.

तपासायला साधा डिजिटल मल्टीमीटर पुरे. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा, इंजिन चालू करून थोडी रेस द्या आणि डिपर लावा. दिवा पेटलेला हवा, कारण प्रवाह वाहत नसेल तर व्होल्टेज गळत नाही आणि मीटर सगळं आलबेल दाखवतो. कंटिन्युइटीची, म्हणजे वायर जोडलेली आहे असं सांगणारी मीटरची ‘बीप’ही इथे फसवी आहे. वायरीच्या तुटलेल्या जुडीत एकच तार शाबूत असली तरी बीप वाजते, पण साडेचार अँपिअर तिच्या आवाक्याबाहेरचे असतात.

आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा, समजा १३.८ आले. मग बल्बचा कनेक्टर न काढता त्याच्या मागून मीटरचे प्रोब, म्हणजे वायरींच्या टोकाच्या सुया, घालून डिपरची पिन आणि अर्थची पिन यांच्यात मोजा, समजा ११.६ आले. २.२ व्होल्ट वाटेत हरवले आणि उजेड राहिला जेमतेम ५५ टक्के. आता ते नेमके कुठे हरवले ते शोधायचं. लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि काळा बल्बच्या डिपर पिनवर ठेवला की येण्याच्या वाटेतली गळती दिसते, समजा १.४. लाल प्रोब बल्बच्या अर्थ पिनवर आणि काळा बॅटरीच्या मायनसवर ठेवला की परतीची गळती, समजा ०.८. बेरीज जुळली पाहिजे, नाही जुळली तर मोजणीत गडबड आहे. येण्याच्या वाटेत अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. अर्थच्या बाजूला ०.२ पेक्षा जास्त मात्र चालवून घेऊ नका. यानंतर बल्बकडचा प्रोब एकेक सांधा मागे नेत जायचं: कनेक्टर, बटण, फ्यूज बॉक्स. ज्या सांध्यापाशी आकडा एकदम कोसळतो, तो सांधा आणि त्याच्या आधी मोजलेली जागा यांच्या मधल्या भागात दोष आहे.

एक गोम लक्षात ठेवा. काही जपानी घडणीच्या गाड्यांत हेडलाइटचं बटण प्लसच्या बाजूला नसून अर्थच्या बाजूला असतं. तिथे बल्बची सामाईक पिन प्लसला जोडलेली असते आणि बटण बंद असतानाही टेस्ट लॅम्प तिन्ही पिनांवर पेटतो. असं दिसलं तर शॉर्ट समजून वायरिंग उघडत बसू नका. मोजणीची रीत तीच राहते, फक्त दोन बाजू उलटतात.

अर्थची दुरुस्ती स्वस्त आहे, पण ती नीट करावी लागते. आधी बॅटरीचा मायनस सोडवा. प्लस आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणग्यांचा पाऊस पडतो. अर्थचा बोल्ट काढून खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईस्तोवर घासा, रंगाचा कणही राहू देऊ नका. वायरीच्या टोकाला नवं रिंग थिंबल (बोल्टमध्ये अडकणारं धातूचं कडं) दाबून बसवा, खाली दातेरी वॉशर घाला, बोल्ट घट्ट करा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली फासा. वायर पिळून त्यावर टेप गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे. पहिल्या पावसाळ्यात तीच जागा पुन्हा सतावते.

मागच्या दिव्यांत अर्थ गेला की तऱ्हा आणखी मजेशीर होते. ब्रेक दाबला की पार्किंगचे दिवे मिणमिणतात किंवा डॅशबोर्डचे दिवे पेटतात. कारण असं की ब्रेक आणि टेलचा बल्ब एकच असतो: २१ वॅटची एक फिलामेंट, ५ वॅटची दुसरी, आणि दोघींना बल्बच्या पितळी बुडातून एकच अर्थ. तो तुटला की ब्रेकचा प्रवाह २१ वॅटच्या फिलामेंटमधून बुडाशी येतो, पुढे वाट नसते म्हणून ५ वॅटच्या फिलामेंटमधून उलटा टेलच्या वायरीत घुसतो आणि दुसऱ्या बाजूच्या टेल लाइटमधून किंवा डॅशबोर्डच्या दिव्यांतून अर्थ गाठतो. इतकं विचित्र दिसतं की अख्खं वायरिंग बदलण्याचा सल्ला मिळतो. होल्डरपासून बॉडीपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची एक वायर तात्पुरती लावून बघा. दिवे ताळ्यावर आले तर निदान पक्कं.

फ्यूज वारंवार उडत असेल तर नवे फ्यूज जाळत बसू नका. जुना एच-४ बल्ब, ज्याची एक फिलामेंट शाबूत आहे, तो फ्यूजच्या जागी जोडा. शॉर्ट असेल तर तो लख्ख पेटेल, पण प्रवाह पाच अँपिअरच्या आसपासच अडवून धरेल. मग डिकीच्या बिजागरीजवळची वायर हलवा, टेल लाइटचे कनेक्टर एकेक सोडवा, बोनेटखालून आत शिरणाऱ्या वायरींचं फाटलेलं रबर पाहा, उंदरांनी कुरतडलंय का तेही पाहा. ज्या क्षणी बल्ब मंदावतो किंवा विझतो, त्या क्षणी हात जिथे आहे तिथेच दोष. मल्टीमीटरने बल्बचा रोध मोजून शॉर्ट शोधू नका. थंड टंगस्टनचा रोध तापलेल्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असू शकतो, त्यामुळे चांगला बल्बही शॉर्टसारखा दिसतो.

मूळ वायरिंगच बारीक असेल तर रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारं बटण, हाच खरा इलाज. अपरला एक, डिपरला एक. बॅटरीच्या प्लसपासून २० अँपिअरचा फ्यूज, तिथून २.५ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला, ८७ वरून बल्बला. जुनी डिपरची वायर ८६ ला आणि अर्थ ८५ ला. आता जुन्या बटणातून जेमतेम ०.२ अँपिअर वाहतो, त्यामुळे बटणही टिकतं. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. वायर मध्येच कुठे घासली तर आग लागण्याआधी तोच वितळेल.

रिले न लावता १०० वॅटचे बल्ब लावणं म्हणजे दुखणं वाढवणं. प्रवाह ९ वरून साडेसोळा अँपिअरच्या पुढे जातो आणि सांध्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्याने तिपटीहून जास्त होते. तपकिरी पडलेला, वितळलेला कनेक्टर ही त्याचीच खूण. याच्या उलट बल्ब सारखे जळत असतील तर चार्जिंग मोजा. १४.८ व्होल्टच्या वर आकडा गेला तर दोष चार्जिंगचं व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरचा.

बल्बच्या पिनांवर १३ व्होल्ट मिळूनही रस्ता दिसत नसेल तर वायरिंग सोडा आणि रिफ्लेक्टर पाहा. आतला चकाकता मुलामा उडून राखाडी झाला असेल तर लाइटच बदलावा लागतो. उजेड वाढल्यावर झोत नव्याने लावून घ्या: सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, डिपरच्या झोताची वरची कड बल्बच्या उंचीपेक्षा १० ते १३ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे.