टर्बोचा दाब वाढवला की काळा धूर जातो का?

"टर्बोचा दाब जरा वाढवून देतो, धूर आपोआप बंद होईल." जुनी डिझेल गाडी घेऊन गॅरेजात गेलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं समजून न घेता पाना फिरवला तर धूर तसाच राहतो आणि हेड गॅस्केटचा (सिलिंडरच्या तोंडावरच्या सीलचा) खर्च मात्र अंगावर येतो.

जुन्या डिझेल इंजिनात ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढतं ते फक्त डिझेल. हवा सिलिंडरात मावेल तेवढी आधीच आलेली असते. एक किलो डिझेल पूर्ण जळायला हिशेबाने सुमारे साडेचौदा किलो हवा पुरायला हवी. पण फवारा उडाल्यापासून जळेपर्यंत सेकंदाचा काही हजारावा भागच मिळतो. एवढ्यात फवाऱ्याच्या गाभ्यापर्यंत ऑक्सिजन पोचत नाही. तिथे डिझेलचे रेणू उष्णतेने तुटतात, हायड्रोजन सुटून जातो आणि उरलेला कार्बन एकमेकांना चिकटून काजळी होते. ही काजळी चांगल्या इंजिनातही प्रत्येक वेळी होतेच. तिच्यातली बहुतेक पुढच्याच क्षणी उरलेल्या ऑक्सिजनमध्ये जळून जाते. सायलेन्सरमधून दिसतो तो जळायचा राहिलेला भाग. म्हणून किलोभर डिझेलमागे साडेचौदा नव्हे, तर साधारण १८ ते २० किलो हवा लागते. त्याखाली गेलं की धूर डोळ्यांना दिसू लागतो. उन्हाळ्यातल्या ३० अंशांच्या हवेत मोजलं तर एक लिटर डिझेल स्वच्छ जाळायला १३-१४ हजार लिटर हवा आत यावी लागते.

(निळसर धूर म्हणजे जळणारं ऑइल. गरम इंजिनातून सतत पांढरा धूर येत असेल तर बहुधा कूलंट किंवा न पेटलेलं डिझेल. या दोन्हींचा इथे संबंध नाही.)

एवढी हवा कोंबायचं काम टर्बोचं. बाहेर पडणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून आत ढकलतं. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्येच याचं पेटंट घेतलं होतं, पण टर्बो डिझेल मोटारगाडी बाजारात यायला १९७८ साल उजाडलं. ती मर्सिडीझची ३०० एसडी. मीटरवर ०.८ बार दाब दिसतो तेव्हा आतला एकूण दाब १.८ बार असतो. म्हणजे हवा १.८ पट झाली का? नाही. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. बाहेर ३० अंश असताना टर्बोतून निघणारी हवा सहज ११०च्या आसपास जाते, आणि सिलिंडरात पोचते जेमतेम १.४ पट. तीच इंटरकूलरमधून (ही हवा थंड करणाऱ्या जाळीतून) ५० अंशांवर आणली तर जवळजवळ १.७ पट. म्हणून चिखलाने लिंपलेला इंटरकूलर धुणं हे कित्येकदा दाब वाढवण्यापेक्षा स्वस्त आणि शहाणपणाचं काम असतं.

आता मुख्य प्रश्न. धूर नेमका कधी येतो?

दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की वेस्टगेट नावाची झडप उघडते आणि जादा गरम वायू टर्बोला वळसा घालून निघून जातो. गॅरेजवाला 'दाब वाढवतो' म्हणजे या झडपेची दांडी आखूड करतो, झडप उशिरा उघडते. पण गाडी वरच्या गियरमध्ये चढावर गुदमरते, आरपीएम १५०० च्या आत असतो, तेव्हा वेस्टगेट मुळात बंदच असते. बंद झडप आणखी घट्ट करून काय साधणार? टर्बोला फिरवायला वायूच कमी आहे, दाब तयारच झालेला नाही, आणि पायाने मात्र डिझेल पूर्ण सोडलं आहे. काळा ढग इथे उठतो. त्यात महाबळेश्वरसारख्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा १४ टक्क्यांच्या आसपास कमी. वेस्टगेटची दांडी उपयोगी पडते ती वरच्या आरपीएमला, पूर्ण दाब येऊनही धूर राहतो तेव्हा.

खालच्या आरपीएमच्या धुरावरचा खरा इलाज डिझेल पंपात आहे. बॉशच्या व्हीई जातीच्या यांत्रिक पंपावर, उदाहरणार्थ लँड रोव्हरच्या २०० टीडीआय इंजिनावर, वर एक चपटी डबी दिसते. तिच्यात रबरी पडदा आणि त्याला जोडलेली निमुळती पिन असते. टर्बोचा दाब पडद्यावर आला की पिन खाली सरकते आणि तेव्हाच पंप जास्त डिझेल सोडतो. थोडक्यात, हवा आली की मग डिझेल. पडद्याखालच्या स्प्रिंगवरचं दातेरी चाक फिरवून स्प्रिंग कडक केली की डिझेल जास्त दाबाची वाट पाहतं आणि धूर घटतो. किंमत म्हणून सुरुवातीचा पिकअप थोडा मऊ होतो. मला विचाराल तर हा सौदा परवडणारा आहे. अमेरिकेत काही हौशी मंडळी नेमकं उलटं करतात: मुद्दाम डिझेल वाढवून काळे लोट सोडतात. न्यू जर्सी राज्याला २०१५ मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

हे सगळं करण्याआधी होज पाईप तपासावा. टर्बो ते इंटरकूलर ते इंजिन या वाटेत कुठे रबर चिरलं असेल, क्लिप ढिली असेल तर हवा बाहेर आणि डिझेल आत. लक्षणं ठरलेली: काळा धूर, गाडी ओढत नाही, रेस दिली की फुस्स आवाज. पाठोपाठ एअर फिल्टर, ठिबकणारे नोझल (डिझेलचा फवारा उडवणारी तोंडं) आणि काजळीने उघडी अडकलेली ईजीआर झडप, म्हणजे जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारी झडप. एवढं नीट केल्यावर बहुतेक गाड्यांत दाबाला हात लावावाच लागत नाही.

आणि लावलाच तर डॅशबोर्डवर दाबाचं मीटर हवंच. वाढीव दाब गॅस्केट, पिस्टन आणि बेअरिंग सगळ्यांवर येतो. छोट्या टर्बोचं चक्र मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतं. त्याला मर्यादेपलीकडे पळवलं तर ते फुटतं. गाडीत उत्पादकाने ठरवलेल्या रचनेबाहेरचे फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे निर्बंध आहेत, हेही लक्षात असावं.

कॉमन रेलच्या, म्हणजे संगणकाने डिझेल सोडणाऱ्या नव्या गाड्यांत पंपातल्या रबरी पडद्याचं काम संगणकच करतो. एअर मास सेन्सर हवा मोजतो आणि त्या हिशेबात बसेल तेवढंच डिझेल सुटतं. सेन्सरने चुकीचा आकडा सांगितला की सगळं गणित बिघडतं. बीएस-६ गाडीत काजळी फिल्टरमध्येच अडते, त्यामुळे अशी गाडी काळा धूर सोडत असेल तर फिल्टर फुटलेला तरी असतो, नाहीतर कुणीतरी काढून टाकलेला.

पीयूसीची गोष्ट मात्र वेगळीच. तिथे गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून झटक्यात पूर्ण रेस देतात आणि धुराची घनता मोजतात. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना ६५ हार्टरिज युनिटांची मर्यादा आहे, बीएस-४ ला ५०. इंजिनावर ओझं नसतं, दोन सेकंदांत आरपीएम टोकाला जातो, टर्बोला पुरता दाब उभारायला वेळ मिळत नाही. वेस्टगेट पिळून त्या आकड्यात फारसा फरक पडत नाही. तो आकडा ठरतो मुख्यतः नोझल, टायमिंग आणि दाब येण्याआधी पंप किती डिझेल सोडतो यावर.