विद्यापीठातील सानुकूल लिनक्स इन्स्टॉलर

विद्यापीठाच्या संगणक केंद्राने एखाद्या प्रचलित लिनक्स वितरणाच्या (लिनक्स आणि सोबतच्या सॉफ्टवेअरच्या तयार संचाच्या) इन्स्टॉलरमध्ये, म्हणजे तो संच संगणकावर बसवणाऱ्या प्रोग्राममध्ये, स्वतःच्या गरजेनुसार बदल करून तयार केलेली आणि पुढे वर्षानुवर्षे सांभाळलेली व्यवस्था म्हणजे सानुकूल लिनक्स इन्स्टॉलर. प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणकासमोर बसून भाषा, डिस्क, पासवर्ड यांविषयीच्या त्याच त्या प्रश्नांना उत्तरे देण्याऐवजी ती एकदाच एका उत्तर-फाइलमध्ये लिहून ठेवली जातात. रेड हॅट कुळातील वितरणांत या फाइलला किकस्टार्ट, डेबियनमध्ये प्रीसीड आणि सुसेमध्ये ऑटोयास्ट म्हणतात.

या कामाची मुळे विद्यापीठांतच आहेत. एमआयटीत १९८३ मध्ये सुरू झालेल्या प्रोजेक्ट अथेनाने कोणत्याही संगणकावर बसले तरी आपले खाते आणि आपल्या फाइली मिळाव्यात हा विचार रुजवला. कर्बेरॉस ही ओळख-पडताळणीची पद्धत त्यातूनच आली. कोलोन विद्यापीठात १९९९ पासून एफएआय ही पूर्णतः स्वयंचलित प्रस्थापनाची प्रणाली विकसित होत गेली, तर सॉफ्टवेअरची पॅकेजे सांभाळणाऱ्या यम या साधनाची जडणघडण ड्यूक विद्यापीठात झाली.

प्रस्थापन बहुधा नेटवर्कवरून होते. संगणक पीएक्सई पद्धतीने, म्हणजे डिस्कऐवजी नेटवर्कवरून, सुरू होतो, नेटवर्कवरील पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर त्याला पत्ता आणि बूट-फाइलचे नाव देतो, टीएफटीपी या फाइली पाठवण्याच्या साध्या पद्धतीने बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) येतो, त्यामागून कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि आरंभीची रॅमडिस्क (मेमरीत उघडणारा तात्पुरता फाइल-संच) येते आणि कर्नलला दिलेल्या सूचनेत उत्तर-फाइलचा पत्ता असतो. इथे एक फसवी अडचण वारंवार येते. पीएक्सईच्या टप्प्यात नेटवर्क कार्ड स्वतःच्या फर्मवेअरवर (कार्डातच साठवलेल्या सॉफ्टवेअरवर) चालते, पण पुढे इन्स्टॉलरच्या कर्नलमध्ये त्या नव्या कार्डाचा ड्रायव्हर नसेल तर क्षणापूर्वी चालू असलेले नेटवर्क एकाएकी नाहीसे होते. तक्रार करणाऱ्याला केबल सैल झाली असे वाटते. खरा उपाय मात्र इन्स्टॉलरचा कर्नल अद्ययावत करणे हा असतो.

सर्वांत जबाबदारीचा भाग डिस्कच्या विभाजनाचा आहे. ‘पहिली डिस्क पुसा’ अशी सूचना धोकादायक ठरते, कारण लिनक्स सहसा पहिल्या सापडलेल्या डिस्कला देते ते एसडीए हे नाव कायम एकाच डिस्कला मिळेल याची हमी नसते. संगणकात पेन ड्राइव्ह राहून गेला असेल तर तोच एसडीए ठरू शकतो, आणि संशोधकाच्या संगणकात दुसऱ्या डिस्कवर अनेक महिन्यांची निरीक्षणे असू शकतात. म्हणून डिस्क तिच्या स्थिर ओळखीने किंवा आकारमानाने निवडावी, आणि कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर पुसण्यापूर्वी माणसाची संमती घ्यावी. थोडा वेळ जातो, पण तो द्यायलाच हवा.

उत्तर-फाइल सहसा साध्या एचटीटीपीवरून वाचली जाते, त्यामुळे नेटवर्कवरील कोणीही ती पाहू शकतो. रूटचा (सर्वाधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड, अगदी हॅश (सांकेतिक) स्वरूपातही, तसेच कर्बेरॉसची कीटॅब (गुप्त किल्ल्यांची फाइल) तिच्यात ठेवू नये. प्रस्थापनानंतर चालणारी स्क्रिप्टही छोटी असावी आणि उरलेली मांडणी अँसिबल किंवा पपेट यांसारख्या, अनेक संगणकांची मांडणी एकसारखी ठेवणाऱ्या साधनाकडे द्यावी. तसे केले तर आज बसवलेला आणि दोन वर्षांपूर्वी बसवलेला संगणक एकाच स्थितीत ठेवता येतो.

इन्स्टॉलर तयार करण्यापेक्षा त्याला आधार देत राहणे अधिक कष्टाचे असते. कर्बेरॉस सामान्यतः संगणक आणि सर्व्हर यांच्या घड्याळांतील पाच मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेतो, त्यामुळे घड्याळ चालू ठेवणारी मदरबोर्डवरील बॅटरी संपलेल्या संगणकावर योग्य पासवर्ड देऊनही लॉगिन होत नाही आणि दोष इन्स्टॉलरवर येतो. मूळ वितरणही बदलते. रेड हॅट कुळातील सेंटओएस ८ या वितरणाचा आधार २०२९ पर्यंत अपेक्षित असताना, डिसेंबर २०२० मधील घोषणेनंतर तो ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपला. उबुंटू सर्व्हरने २०.०४ पासून जुना इन्स्टॉलर सोडून वायएएमएल या मजकूर-स्वरूपात लिहिलेली ऑटोइन्स्टॉल पद्धत स्वीकारली, त्यामुळे प्रीसीडमधील उत्तरे नव्याने लिहावी लागली. अशा वेळी प्रत्येक बदल गिट या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनामध्ये कारणासह नोंदवलेला असेल, तर एखादी ओळ का लिहिली होती हे केंद्र सोडून गेलेल्या सहकाऱ्याला विचारावे लागत नाही.